विकणारी मीच, घेणारीही मीच

जमिनीच्या कागदांचा तो गठ्ठा माझ्या टेबलावर आला तेव्हा मी खोका फोडत होती. माझं कामच ते आहे. सौसरजवळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. खोका मशीनमध्ये ठेवायचा, वरून दाब वाढवत न्यायचा आणि कितीला फुटला ते लिहायचं. ऑफिसचा शिपाई गठ्ठा ठेवून म्हणाला, "मॅडम, साहेबानं सांगितलं, सोमवारच्या मीटिंगच्या आधी वाचून ठेवा, अन् शेवटच्या पानावर सही करून ठेवा." त्यातलं 'वाचून ठेवा' उगीच होतं, मतलब सहीशी होता.

पण मला मेलीला वाचायची खोड. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि गठ्ठा दुसऱ्या हाताला घेऊन बसली. नकाशा, मग प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याचं पत्र, मग पटवाऱ्याकडचा खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा. तिगावकडचा संत्र्याचा बगीचा. विहीर एक, बोअर एक. मी पोळीचा घास घेतला आणि जमीनमालकाच्या रकान्यात पाहिलं. तिथं दोन नावं होती. पहिलं माझ्या धाकट्या भावाचं. दुसरं माझं, बापाचं नाव लावून, लग्नाआधी होतं तसं.

"अवं माय!" मी एवढ्यानं बोलली की पलीकडच्या दोघी उठून आल्या. मी गठ्ठा पदराखाली घेतला. का घेतला कोण जाणे.

आमच्या कामगारांच्या पीएफचा कारखान्याचा स्वतःचा ट्रस्ट आहे. पगारातून कापलेला पैसा आणि कंपनीचा हिस्सा त्यात जातो, आणि माणूस निवृत्त झाला की तिथून मिळतो. हा पैसा कुठं गुंतवायचा ते सहा जण ठरवतात. तीन कंपनीचे, तीन कामगारांचे. त्या कामगारांच्या तिघांत मी. मला कोणी हौसेनं बसवलेलं नाही. कॅन्टीनमध्ये एकदा पीएफच्या पावत्यांतल्या चुकांवरून मी साहेबांशी भांडली, तेव्हा सगळे म्हणाले, हिलेच बसवा, हिचं तोंड कामात येईन. तोपर्यंत आमचे प्रतिनिधी म्हणजे चहा-बिस्कीट खाऊन सही करून येणारे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा कारभार.

नियमांचं पुस्तक हिंदीत होतं. मी दोन रविवार घालवून ते वाचलं. कामगारांचा निधी कुठं लावायचा हे सरकारनं बांधून दिलेलं आहे. बराचसा सरकारी रोख्यांत, काही चांगल्या कंपन्यांच्या कर्जरोख्यांत आणि बँकेच्या ठेवींत, थोडा शेअरांत. घरं-इमारतींसाठी एक बारीकशी खिडकी ठेवली आहे. मोठ्या इमारतींची मालकी असलेल्या, शेअरबाजारात नोंदलेल्या आणि वरचा दर्जा मिळालेल्या ट्रस्टांचे हिस्से घेता येतात, तेही तसल्या बाकीच्या गोष्टी धरून शंभरात पाचाच्या आत. पण सरळ जाऊन शेत घ्या आणि त्यात प्लॉट पाडा, असं त्यात कुठंच नाही. आणि जे त्यात नाही ते करायचं नाही. एवढं साधं आहे. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

तरी ते चाललं होतं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिकडच्या जमिनी तापलेल्या. एका लेआउटवाल्यानं साहेबांना घोळात घेतलं होतं. ट्रस्टनं बगीचा घ्यायचा, त्याचे प्लॉट पाडायचे, कामगारांना ते स्वस्तात द्यायचे आणि उरलेले विकून निधी वाढवायचा. कॅन्टीनमध्ये तर दिवाळीच होती. "कागदाचं काय घेऊन बसली? जमीन कुठं पळून जाते काय?" हे मी दिवसातून दहादा ऐकत होती.

जमीन पळत नाही, हेच तर तिचं दुखणं. पैसा हवा तेव्हाही ती जागची हलत नाही. माझ्या सासऱ्यांच्या कामावरच्या लोकांनी असाच साऱ्यांचा पैसा घालून प्लॉट घेतले होते. पुढं ती जागा कोर्टात अडकली. सासरे निवृत्त झाले, आजारी पडले, आणि शेवटपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा काढून आम्हाला आपला प्लॉट दाखवत राहिले. मी एकदा त्यांना तिथं घेऊन गेली होती. पांढरे दगड आणि कमरेएवढं गवत. त्यांनी एका दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, हा आपला. दवाखान्यात तो दगड कोणी घेत नाही हो.

आणि आमच्या कारखान्यात एक होती, तिला सगळे काकू म्हणतात. लोधीखेड्याहून येते, पॅकिंगला आहे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. नवरा नाही, लेकरू नाही. आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलं. तिचं सगळं म्हातारपण त्या ट्रस्टमध्ये आहे, दुसरीकडं एक पैसा नाही. आणि तीच सगळ्यात जास्त नाचत होती. "कोपऱ्याचा प्लॉट घेतो मी. तुळस लावतो. तू पहिली चहाले येजो." मी हसून वेळ मारून नेत होती.

तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की नियमात बसत नाही, म्हणून सोमवारी नाही म्हणायचं. तो बगीचा माझ्या माहेरचा आहे, हे त्या गठ्ठ्यानंच मला सांगितलं.

आता माझं नाव खसऱ्यात कसं राहिलं ते सांगते, कारण ही चूक आमच्याच लोकांनी करावी. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. माझ्या लग्नानंतर वडील गेले. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर मोठ्या काकांनी बाजेवर एक स्टॅम्प पेपर ठेवला आणि म्हणाले, "बाई, सही करून दे. भावाच्या नावानं हक्क सोडला म्हण. माहेर राहीन तुह्यं." थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, घरात सगळेच मला बाई म्हणायचे. मी न वाचता सही केली. हो, मीच, जी आज दुसऱ्यांना शहाणपण शिकवते. भावानं मला साडी नेसवली, पिशवीभर संत्री दिली. सगळ्या पोरी असंच करतात. तो कागद देवघरातल्या डब्यात गेला आणि तिथंच राहिला. रजिस्ट्री ऑफिसात कोणी नेलाच नाही. घरच्या घरी सही झाली, साडी दिली, संपलं, असं सगळ्यांना वाटत होतं. पटवाऱ्यानं मात्र आपल्या रीतीनं वारसांची नावं चढवली. त्यामुळे सरकारच्या लेखी मी इतकी वर्षं अर्ध्या बगीच्याची मालकीण होती, आणि मला पत्ताच नाही.

आणि आता ट्रस्टची विश्वस्त म्हणून तोच बगीचा विकत घ्यायला मला सही करायची होती. विकणारी मीच, घेणारीही मीच. नियमांच्या पुस्तकात हे तर अगदी पहिल्या पानांत आहे. विश्वस्ताचा स्वतःचा मतलब ज्यात आहे, त्यात त्यानं हात घालायचा नाही.

शनिवारी भाऊ घरी आला. मोटरसायकलला संत्र्याची पिशवी टांगलेली. अंबिया बहाराची पहिली तोड झाली की तो पिशवी घेऊन येतोच. पण या वेळी पिशवी नेहमीपेक्षा मोठी होती. तेव्हाच मला शंका आली.

त्यानं चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची विचारपूस केली. मला राहवेना. "ताकाले येऊन भांडं कायले लपवतो? बोल ना."

"बगीचा विकून राहिलो, बाई. झाडं डिंक्या रोगानं चालली. पोरं नागपूरले, त्यायले शेती कराची नाही. पांढुर्ण्यात दुकान टाकीन म्हणतो."

"अन् हे मले लेआउटवाल्याच्या कागदावरून समजाव?"

तो खाली पाहत म्हणाला, "तूच त्या ट्रस्टवर आहे, हे म्याच सांगितलं त्याले. म्हटलं माही बहीण आहे, काम होऊन जाईन."

मी उठून उभी राहिली. माझं नाव टाकून यानं सौदा जमवला आणि मलाच माहीत नाही! "कोणाले इचारून सांगितलं तू?"

"इचाराचं काय त्यात? बहीण नाही का तू माही?"

मी त्याला खसरा दाखवला. माझ्या नावावर बोट ठेवलं. तो खरंच चकित झाला. "अरे बाप्पा! राहून गेलं असन. काकानं कागद केला होता ना?" त्याच्या पोटात पाप नव्हतं, हे मी आजही सांगते. मग मी त्याला नियम सांगितला. माझं नाव असो की नसो, कामगारांच्या निधीतून शेत घेताच येत नाही. त्यानं मान हलवली, पण ऐकलं नाही. ऐकलं त्यानं फक्त माझं नाव.

"तू फक्त सही करजो, बाई," निघताना तो म्हणाला. "बाकीच्या पाच झाल्या म्हणते तो लेआउटवाला."

दोन रात्री मला नीट झोप नाही. नवरा म्हणाला, त्या दिवशी रजा टाक, कटकट नको. मी म्हटलं, रजा टाकली म्हणजे बाकीचे माझ्या नावानंही करून मोकळे होतील. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. भावाची वाटत होती, साहेबांचीही वाटत होती. सगळ्यात जास्त काकूची.

सोमवारी मी मीटिंगच्या खोलीत गेली. पाचही जण आधीच बसलेले. रजिस्टर माझ्यासमोर उघडून ठेवलेलं, आणि बोट ठेवायला साहेब स्वतः उठून आले.

"बस, यहाँ साइन कर दीजिए मॅडम."

"साहेब, यह जमीन मेरी है," मी म्हटलं.

मी खसऱ्याचं पान काढून टेबलाच्या मध्यात सरकवलं. माझं हिंदी रागात मराठी होतं, ते तिथंही झालं. म्हटलं, हे लग्नाआधीचं नाव माझंच आहे. हक्क सोडल्याच्या कागदानं ते गेलं असं मला वाटत होतं, ते गेलेलं नाही. आता सांगा, आपलीच जमीन आपणच आपल्या लोकांच्या पैशानं घ्यायची, हे कोणत्या नियमात आहे?

साहेब हसले. "वो तो एक कागज की बात है. हट जाएगा नाम."

"हटलं तरी नाही." मी पुस्तक उघडलं. खुणेला मी बसची तिकिटं घालून ठेवली होती. एकेक परिच्छेद हिंदीत वाचला. वाचताना आवाज कापत होता, म्हणून जास्तच मोठ्यानं वाचला. थेट जमीन घ्यायला परवानगी नाही. ज्यात परवानगी आहे ते बाजारात विकता आलं पाहिजे, कारण माणूस निवृत्त झाला की त्याला पैसा हातात द्यावा लागतो.

कामगारांच्या बाजूचा एक जण मलाच म्हणाला, "पण लोकायले पायजेन आहे ना प्लॉट! तुमाले काय त्रास?"

साहेब म्हणाले, "और नुकसान हुआ तो कंपनी भरेगी. नियम में यह भी लिखा है, मॅडम."

लिहिलं आहे, खरंच. मी म्हटलं, "कंपनी राहिली त भरेल. आम्ही लोक म्हातारे होऊन राहिलो साहेब, कंपनी होऊन राहिली का अजून जवान?" सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही. हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मराठीतच सांगितलं. मग पेन घेतला आणि सहीच्या जागी लिहिलं, मला हे मान्य नाही, कारण नियमात बसत नाही आणि जमिनीत माझा हिस्सा आहे. खाली सही केली.

आता ते रजिस्टर ऑडिटला जायचं होतं, आणि तिथं असं लिहिलेलं कोणी नजरेआड करू शकत नाही. साहेबांनी रजिस्टर मिटलं. "पंधरा दिन बाद फिर बैठते हैं. तब तक सोच लीजिए." म्हणजे मेलेलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं.

कॅन्टीनमध्ये बातमी माझ्या आधी पोचली. अर्धे म्हणाले, भावाचं चांगलं होताना हिला पाहवलं नाही. अर्धे म्हणाले, भावासाठी भाव वाढवून मागून राहिली. दोन्हींत माझा काय फायदा ते कोणाला विचारावंसं वाटलं नाही. काकू ताट घेऊन माझ्यासमोर यायची ती पलीकडं बसली. मी तिच्याकडे गेली, म्हटलं, काकू, तुमचा पैसा वाचवला मी. ती वर न पाहता म्हणाली, "माह्या तुळशीची जागा वाचवली असती त बरं झालं असतं." मी तशीच परत आली. जेवली नाही. रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. भाऊ. लेआउटवाल्यानं त्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलेलं होतं.

"भर मीटिंगमध्ये म्हटलं म्हणे तू, जमीन माही आहे."

"पूर्ण ऐक त खरं..."

"तुले हिस्सा पायजे होता त सांगाचं होतं, बाई. दिला असता. असं चारचौघांत कायले बोलाचं?"

त्यानं फोन ठेवला. मी परत लावला, उचलला नाही. आईच्या माघारी ज्याला मी शाळेत नेऊन सोडलं, ज्याच्या लग्नात मी जेवणाच्या पंगतीत पातळ भाजी वाढत उभी राहिली, तो मला हिस्सेकरी म्हणाला. मला कोणी काठी मारली असती तर एवढं लागलं नसतं.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी त्याच्या बायकोला फोन केला आणि म्हटलं, त्याले सांग, उद्या अकरा वाजता पांढुर्ण्याच्या रजिस्ट्री ऑफिसात ये, दोन साक्षीदार घेऊन. हक्क सोडून देतो, या वेळी पक्का.

तो आला. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर, टिनाच्या शेडमध्ये कागद लिहिणारा कॉम्प्युटर घेऊन बसतो, त्याच्या बाकावर आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. मध्ये साक्षीदार. त्या माणसानं हिंदीत टाइप करत विचारलं, "बदले में कुछ ले रही हैं?"

"नाही," मी म्हटलं. "साडी घेतली होती. फाटली आता."

तो हसला, त्याला वाटलं गंमत करते. छापील मजकुरात त्यानं आमची नावं भरली आणि मला वाचून दाखवला. बहीण आपला संपूर्ण हिस्सा भावाच्या नावे सोडते आहे, प्रेम व स्नेहवश, बिना किसी दबाव के. प्रेम व स्नेहवश. आठ दिवस ज्यानं माझा फोन उचलला नाही, तो बाकाच्या त्या टोकाला बसून नखं पाहत होता.

आत फोटो काढला, अंगठा मशीनवर ठेवला. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली. रजिस्ट्रारसाहेबानं शिक्का मारला आणि अर्धा बगीचा माझा होता तो माझा राहिला नाही.

बाहेर पायरीवर भाऊ थांबला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, घडी नीट केली. तोंडावरचा ताण थोडा उतरला होता त्याच्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"झालं ना आता, बाई. आता तुह्यं नाव नाही. सोमवारी करून टाकजो सही."

मला आधी कळलंच नाही तो काय बोलतो. मग कळलं. त्याला वाटलं होतं, मी त्यासाठीच आली.

"नाही रे," मी म्हटलं. "सही नाही होत माह्याकडून. तुले सांगितलं होतं, नाव असो की नसो, त्या पैशानं शेत घेता येत नाही. काकूचा पैसा आहे तो. सगळ्यायचा आहे. सोमवारी पण मी तेच लिहीन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मंग हे कायले केलं?"

"तू म्हटलं ना फोनवर. हिस्सा पायजे होता म्हणून."

त्यानं हातातली कागदाची पिशवी माझ्यापुढं धरली, जशी काही परत देता येते. मी हात मागं घेतले. मग त्यानं ती शर्टाच्या आत घातली आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या नोटिसा वाचत उभा राहिला. खांदे हलत होते. मी जवळ गेली नाही. गेली असती तर सहीचंही हो म्हणून बसली असती, माझा काही भरवसा नाही.

"बस कितीची आहे?" शेवटी त्यानं विचारलं.

बसस्टँडवर त्यानंच मोटरसायकलनं सोडलं. सौसरची बस लागलेली होती. मी चढली, खिडकीशी बसली. तो खाली एक पाय टेकवून उभा. लेक निघताना माहेरचं माणूस 'येजो' म्हणतं, म्हणजे पुन्हा ये. तो म्हणाला नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी म्हणाला नाही. तेव्हा मीच खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली, "येतो रे मी!" साऱ्या बसनं वळून पाहिलं. त्यानं मान हलवली का, ते मागून आलेल्या ट्रॅक्टरच्या आड मला दिसलं नाही.